दोन बुरुजांचं पान

साउथ रोडच्या पुलावर ट्राम चढली तेव्हा उत्तरेचा वारा खिडकीच्या फटीतून आत शिरला आणि मेरिन पास्कोच्या मांडीवरच्या फाइलीतली चार-पाच पानं आपोआप उलटली. ती दाबून धरताना तिचा अंगठा एका कोपऱ्यावर पडला. अंगठा उचलला, तर खाली दोन बुरूज. नखाएवढे, काळ्या शाईतले, शेजारी शेजारी. मेरिन त्यांच्याकडे बघत राहिली. ऑगस्टमध्ये, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत फाशांनी खेळायच्या गोष्टीच्या खेळात, हेच पान तिच्यासमोर होतं. त्यावर पेन्सिलीने, तिच्याच बारीक अक्षरात, वजाबाक्या होत्या. पाण्यातल्या राक्षसाचं बळ घावागणिक कसं उतरत गेलं त्याच्या. आणि ऑगस्टमध्ये टेबलाशी चौघं होती. चौघांच्या पानावर खूण म्हणून एक बुरूज, सहा जणांच्या पानावर दोन. एका बुरुजाच्या पानावर तो राक्षस निम्म्या बळाचा असतो, दोन घाव बसले की तळाशी निघून जातो. दोन बुरुजांच्या पानावर तो जात नाही. अकरा वर्षं ती नव्याने खेळ चालवायला येणाऱ्यांना बजावत आली होती, की बाबांनो, आधी माणसं मोजा मग राक्षस काढा. ताटं किती ते बघूनच भात टाकावा तसं. त्या दिवशी घरून निघताना सहा जण यायचे होते, म्हणून तिने सहांचं पान वर ठेवलं होतं. मग दोघांचे फोन आले, एकाला ताप, दुसरीचं मूल तापलेलं. ती 'जपा, गरम प्या काहीतरी' म्हणाली, दोन खुर्च्या भिंतीशी सरकवल्या, आणि पान तेच राहिलं. इतकंच झालं होतं. आणि इतक्याने हेस्पा बुडाली होती. समोरच्या बाकावरची बाई म्हणाली, "बरं नाही का वाटत तुला?" मेरिन म्हणाली, "छे, वारा आहे नुसता."

हेस्पा म्हणजे कुणी जितीजागती बाई नव्हे. ती क्लेम ट्रेम्बाथचं पात्र. क्लेम त्र्याहत्तर वर्षांचा, बंदरातल्या क्रेनवर उभं आयुष्य काढलेला, चेहऱ्याची डावी बाजू जराशी उतरलेला. दहा वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्याची वाचा गेली आणि मग अर्धीमुर्धी परत आली. शब्द घशाशी येऊन उभे राहायचे, दाराशी चपला सापडत नसलेल्या पाहुण्यासारखे. उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, माणसांत बसा, बोला. तो एका गाण्याच्या मंडळात जाऊन बसला, तिथून उठून आला. मग कसा कोण जाणे, वाचनालयाच्या मागच्या खोलीत मेरिनच्या टेबलाशी येऊन बसला आणि कागदावर लिहिलं: हेस्पा, नावाडीण. एक कान नाही. सावकाश बोलते. पहिला तासभर तो गप्पच होता. मग वेशीवरच्या पहारेकऱ्याने, म्हणजे मेरिननेच आवाज घोगरा करून, विचारलं, "ए बाई, कोण तू?" आणि क्लेम बोलला. "मी हेस्पा. नदी ओलांडायची असली की लोक मला हाक मारतात. नसली, की मारत नाहीत." एकही शब्द अडला नाही. तो स्वतःच दचकला, हात तोंडाकडे गेला त्याचा. तेव्हापासून नऊ वर्षं हे असंच चाललं. चहात दूध हवंय हे सांगताना क्लेम चारदा अडे, आणि हेस्पा कधीच अडली नाही. टेबलावर कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काढायचाच नसतो. समईजवळ वाकताना आपण श्वास जपून सोडतो, तसे सगळे त्याच्या बोलण्याजवळ जपून बसत.

ऑगस्टनंतर क्लेम आला नव्हता. सप्टेंबरचा दुसरा शनिवार त्याने चुकवला, नऊ वर्षांत पहिल्यांदा. आज मात्र येणार होता. ऑक्टोबरच्या जोडसुट्टीतला मोठा मेळावा, अकरा वाजताचा खेळ, टेबल चौदा, चालवणार मेरिन पास्को. आणि क्लेमच्या नावापुढे नवं पात्र लिहिलेलं. इथे नियम असा, की मृत्यूची नोंद चुकली असेल तर खेळ चालवणाऱ्याने ती दुरुस्त करावी, पण खेळाडू पुढच्या मोहिमेला बसायच्या आत. नवं पात्र एकदा टेबलावर आलं की मागचं गेलं ते गेलं. आणि एका टेबलावर गेलेलं सगळीकडे जातं. तीच मोहीम त्याच महिन्यात पर्थमध्ये होते, ऑकलंडमध्ये होते, मेरिन कधी बघणार नाही अशा गावांत होते. आपल्या पात्राचे कागद घेऊन कुणीही कुठल्याही टेबलाशी जाऊन बसू शकतो, म्हणून सगळ्यांचा राक्षस एकसारखा असावा लागतो. खेळ चालवणाऱ्याने पानाबाहेर जायचं नाही. मेरिनला हे जाचक कधीच वाटलं नाही. उलट त्यात एक शांती होती. ठरल्या वारी ठरल्या वेळी, ठरलेलं तेवढंच करायचं, आणि त्यातून जे उगवेल ते आपलं म्हणायचं नाही. घड्याळात नऊ चाळीस झाले होते. तिने काहीच केलं नाही, नुसती अकरापर्यंत गप्प बसली, तरी नियम आपोआप दार लावून घेणार होता.

आणि गप्प बसावंसं वाटत होतं. हे तिने ट्राममधून उतरताना स्वतःशी कबूल केलं. लाज होती ती होतीच, पण लाजेच्या खाली आणखी काही होतं. ऑगस्टची ती दुपार तिला मोडायची नव्हती. नळीच्या दिव्याची गुणगुण, खिडकीबाहेर ओली पार्किंगची जागा, टेबलावर कुणीतरी आणलेले नारळाचा कीस लावलेले केकचे तुकडे. बंधाऱ्यावरून तिघं वर चढत होते, खाली पाण्यात हेस्पाने दोर धरला होता, आणि मेरिनने सगळ्यांसमोर फासे टाकले, बेरीज केली, पुन्हा केली. राक्षसाने धरलं ते सोडलंच नाही. ती हळूच म्हणाली, "क्लेम, हेस्पाचं बळ संपलं. एक वाक्य बोलायला मिळेल तिला." क्लेम एक वाक्य बोलला नाही. तो किती बोलला हे मेरिनला आजही सांगता आलं नसतं. दोर ओला राहू देऊ नका म्हणाला. होडी फर्गसला द्या, तो वाईट वल्हवतो पण शिकेल. मग नदीवरचे सगळे धक्के त्याने एकेक करून सांगितले, उगमापासून, कुठे खडक लागतो, कुठल्या धक्क्यावरची म्हातारी भाडं द्यायला विसरते आणि तिला मागायचं नाही. आवाज अडत नव्हता, चढत नव्हता, पाण्यासारखा चालला होता. पुस्तकं परत करायला आलेली एक अनोळखी बाई दारात उभी राहिली ती हललीच नाही. फर्गस, वीजतारांची कामं करणारा, तोंडाचा फटकळ माणूस, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसला होता. आणि मेरिनच्या अंगावर जो काटा आला तो भीतीचा नव्हता. आपण एका ठिकाणी आलो आहोत, इथे पायातलं काढून यायला हवं होतं, असं काहीसं वाटलं तिला. ते सगळं एका चुकीच्या पानातून उगवलं होतं. मग ते खरं होतं की नाही?

मैदानाच्या कडेने चालताना झाडावरून घरटं जपणारा एक मॅगपाय पक्षी सूं करून एका सायकलवाल्याच्या डोक्यावर झेपावला, आणि तो शिव्या देत निघून गेला. मेरिनने फाइल डोक्यावर धरली. वालारूला राहणारी तिची बहीण लोवेना दर नाताळला विचारते, "पैसे देतात का गं तुला?" नाही. "मग खायला तरी?" सॉसेज देतात पावात. "म्हणजे शनिवार तुझा, छपाई तुझी, घसा तुझा, आणि वर लोकांची भांडणं सोडवायची. रक्त काढायच्या खोलीत आठवडाभर उभी असतेस, पाय वर करून झोप की." मेरिन हसून म्हणते, छंद आहे. ते खोटं आहे हे दोघींना ठाऊक असतं. खरं सांगायचं तर मेरिनला लहानपणीच्या मूंटा गावातल्या प्रार्थनाघराबद्दल सांगावं लागलं असतं. ती नऊ वर्षांची असताना तिथला ऑर्गन हाताने भाता मारून वाजायचा. पडद्यामागे एक लाकडी दांडा होता आणि तो वरखाली करायचं काम एका रविवारी तिच्यावर आलं, कारण नेहमीच्या माणसाची कंबर धरली होती. सुरांशी तिचा संबंध नव्हता. बोटं दुसऱ्याची, गाणं सगळ्यांचं. तिने फक्त वारा भरायचा, आणि तो कमी पडू द्यायचा नाही. पण पडद्याला एक फट होती, आणि त्या फटीतून तिने ती माणसं पाहिली. दुकानदार, खाणीतून थकून बाहेर पडलेले म्हातारे, तिची रागीट आत्या, सगळ्यांची तोंडं उघडी, मान जराशी वर, आणि चेहऱ्यांवर असं काही, की ते एरवी आठवडाभर कुठे असतं कोण जाणे. ती बघत राहिली आणि तिचे हात चालत राहिले. खाली उतरल्यावर आत्याने तिच्या कानाला धरून विचारलं होतं, "रडतेस कशाला? दांडा लागला?" आजही आपली पानं झाकायला टेबलावर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आडून ती बघते तेव्हा पाच-सहा परक्या माणसांची नजर टेबलाच्या मधोमध जमते, जिथे काहीही नसतं, आणि सगळ्यांना तेच दिसत असतं. लोवेनाला हे कसं सांगायचं?

क्रीडागृहात बास्केटबॉलच्या आखलेल्या रेघांवर चाळीस टेबलं मांडली होती आणि डेस्पिना कारवेलास, मेळाव्याच्या नोंदी बघणारी, कमरेवर हात ठेवून कुणावर तरी ओरडत होती. मेरिनने तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. डेस्पिनाने पान पाहिलं, पेन्सिलीच्या वजाबाक्या पाहिल्या, आणि पहिल्यांदा मेरिनने तिला हळू बोलताना ऐकलं.

"अगं बाई. तू? माणसं मोजायचं विसरलीस, तू?"

"हो."

"मग आता गप्प बस. हे बघ, त्या मरणाची गोष्ट ऑकलंडपर्यंत गेलीय. परवा तिथली एक मला विचारत होती, तुमच्याकडची ती नावाडीण म्हणे जाताना सगळी नदी सांगून गेली. असं मरण मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं खेळतात. आणि तू येणार रबर घेऊन?"

"त्याची वाचा आहे ती, डेस्पिना."

डेस्पिनाने घड्याळ पाहिलं. मग म्हणाली, "दहा पन्नासच्या आत. त्याची सही लागेल, तुझी पण. आणि अहवालात तुझं नाव येईल हो, खेळ चालवणाऱ्याची चूक म्हणून. सगळीकडे."

क्लेम बाहेर छपराखाली होता, सॉसेजच्या रांगेतून नुकताच निघालेला, पावावर कांदा जास्त. तिला पाहून त्याने खुशीने पाव हलवला. शेजारी बाकावर नवा, चुरगळू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद. "बघ," तो म्हणाला, "पि-पिप. खिसेकापू. भ... भराभर बोलतो हा. वाटलं, भराभर बोललं तर अ-अडायच्या आत निसटेल शब्द." तो हसला. "आरशासमोर करून बघतो. बा-बायको म्हणते, कुणाशी भांडतोयस?"

"जमतंय?"

त्याने नुसती मान हलवली. नाही.

मेरिनने मग सांगितलं. आडवळण घेतलं नाही, तापाचे फोन सांगितले नाहीत. चौघांना सहांचा राक्षस लावला, हेस्पा बुडायला नको होती, चूक माझी, अकराच्या आत दुरुस्त होते. क्लेम पाव हातात धरून ऐकत राहिला. सॉस त्याच्या मनगटावर उतरला.

"म्हणजे ती मे-मेली नव्हती."

"नव्हती."

"दोन महिने!" तो एकदम ओरडला, इतकं स्वच्छ, न अडता, की सॉसेज भाजणाऱ्या माणसाने चिमटा खाली ठेवून वळून पाहिलं. "दोन महिने मी..." आणि मग अडलं. जबडा हलला, मान ताणली, डोळ्यांत पाणी आलं, शब्द आला नाही. मेरिनने तो पुरवला नाही. रक्त काढताना एखाद्याची शीर सापडत नाही तेव्हा ती जशी थांबते, हात न काढता, तशी थांबली. शेवटी तो म्हणाला, "आमचं काम बु-बुडायचं. पान बघायचं काम तुझं."

"हो."

"नुसतं हो काय हो!"

"मग काय म्हणू, क्लेम? तुमचं बरोबर आहे."

तो बाकावर बसला. आतून कुणीतरी ध्वनिक्षेपकावर पंधरा मिनिटं उरल्याचं सांगितलं. क्लेमने पिपच्या कागदाकडे पाहिलं, पाव संपवला, बोटं पुसली, आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "आणि मी जे बो-बोललो ते? तेही खो-खोडणार तुम्ही लोक?"

"त्याचा कागदच नव्हता कुठे," मेरिन म्हणाली. "खोडणार कशावर?"

क्लेमने यावर विचार केला. त्याला ते पटलं की नाही हे तिला कळलं नाही. तो उठला. "चल. कु-कुठाय ती आरडाओरड करणारी."

दहा अठ्ठेचाळीसला दोन सह्या झाल्या. डेस्पिना म्हणाली, झालंच नाही असं धरा. पण चौदा नंबरच्या टेबलाशी येऊन बसल्यावर ते धरणार कसं? फर्गस होता, पावभट्टी चालवणारी यूनिस होती, दोघंही ऑगस्टमधली. चौथी पोर्ट ऑगस्टाहून आलेली एक नवखी बाई. क्लेमने आपल्यासमोर हेस्पाचा जुना, चहाचे डाग पडलेला कागद ठेवला आणि त्यावर दोन्ही तळवे पसरून बसला.

"थांबा थांबा," फर्गस म्हणाला. "हिला बुडताना पाहिलंय मी. दोर माझ्या हातात होता. हिची होडी सांभाळतोय मी दोन महिने, रंग दिलाय तिला."

"रंग तरी कसला, जांभळा," यूनिस म्हणाली.

"राजेशाही आहे तो. आणि रडलो होतो मी, बायकोला विचारा. आता डेस्पिना म्हणते झालंच नाही. माझं रडणं कुठे जमा करू?"

"चूक माझी होती, फर्गस," मेरिन म्हणाली. "चौघांना सहांचं पान लावलं मी."

यूनिसने हळूच मेरिनच्या मनगटावर थोपटलं. पोर्ट ऑगस्टाची बाई संकोचाने म्हणाली, "माफ करा, मला काही कळेना. ह्या मेल्या होत्या की नाही?"

सगळ्यांनी मेरिनकडे पाहिलं. अकरा वर्षं असंच बघत आले होते; दाराआड काय आहे, पहारेकरी काय म्हणतो, पूल टिकेल का. तिने खाली पाहिलं. आजच्या मोहिमेच्या पहिल्या पानावर बाजार होता, सकाळची वेळ, मसाल्याचे ठेले, एक हरवलेलं पत्र. बंधाऱ्याखाली गेलेल्या बाईबद्दल एक अक्षर नव्हतं. काहीतरी रचून सांगणं तिला अवघड नव्हतं. कोळ्याच्या जाळ्यात सापडली, शुद्ध हरपली होती, साध्वीने वाचवलं. जीभ तयारही झाली. आणि मग तिला जाणवलं, की रिकामं पान आहे हे आपल्या हाताखाली, आणि ते आपलं नाही.

"कागदावर नाहीये," ती म्हणाली. "मला ठाऊक नाही. खरंच नाही."

क्लेमने मान वर केली. "मे-मेरिन," तो म्हणाला, त्याच्या स्वतःच्या तुटक्या आवाजात, आणि थांबला. मग त्याची पाठ सरळ झाली. उतरलेला गाल तसाच होता, पण डोळे लांब कुठेतरी, पाणी न्याहाळणाऱ्या माणसाचे झाले.

"बुडाले होते," हेस्पा म्हणाली. "फर्गसचं खोटं नाही. खाली जाताना आधी आवाज जातो. मग नाव जातं. मला वाटलं आता मीही जाईन. पण तळाशी धक्का आहे. कुणी बांधलाय ठाऊक नाही, दगड जुने आहेत, पायऱ्या झिजलेल्या आहेत. तिथे माणसं उभी होती. खूप. पलीकडे जायला थांबलेली. नावाडी कुणीच नव्हता."

शेजारच्या तेरा नंबरवर फासे खडखडले, कुणी हसलं. तो आवाज फार दुरून आल्यासारखा वाटला. यूनिसचा चष्मा नाकावरून घसरला होता आणि तिने तो वर केला नाही.

"मला बघून ती माणसं पुढे आली," हेस्पा म्हणाली. "लहान मुलंही होती त्यांत. मी म्हणाले, होडी वर राहिली माझी. ती म्हणाली, आम्हाला घाई नाही, घेऊन ये. आणि एका म्हातारीने मला वर ढकललं. हाताने. तिचा हात गरम होता."

क्लेम थांबला. हे अडणं नव्हतं. अडणं मेरिन ओळखत होती. पुढचा धक्का दिसलेला नावाडी वल्हं क्षणभर पाण्याबाहेर धरतो, तसा तो थांबला होता. बाकी सगळ्या टेबलांवर मोहिमा सुरू झाल्या होत्या, चौदावर अजून बाजारसुद्धा उघडला नव्हता. मेरिनने समोरचा पुठ्ठा आडवा करून ठेवला, की मध्ये काही नको. तिचे हात रिकामे मांडीवर होते. तोंड जरासं उघडं आहे हे तिला ठाऊकही नव्हतं.

"मग?" तिने विचारलं.